जनसंपर्कवाल्यांसाठी परदेशाचा पीआर: देश नंतर निवडा, आधी अनुभवाचं पत्र मिळवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१. मुंबई विद्यापीठातून २०१५ साली बीएमएम, पत्रकारिता शाखा. मग जनसंपर्काचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा आणि त्यानंतर नऊ वर्षं एजन्सीत: पहिली तीन अंधेरीच्या एका छोट्या एजन्सीत, जी आता बंद झाली, आणि पुढची सहा लोअर परळच्या मोठ्या एजन्सीत. सध्याचं पद ग्रुप अकाउंट मॅनेजर. नवरा ३३ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर. एका कन्सल्टंटने सांगितलंय की ऑस्ट्रेलियाचा १८९ व्हिसा नक्की होईल, १ लाख ७५ हजार भरा. आणि तुम्हाला विचारायचंय की कायमचं राहायला ऑस्ट्रेलिया, कॅनडा की यूके?

ताई, पैसे भरले नसतील तर भरू नका. तुमच्या नावावर १८९ मिळू शकत नाही. तो व्हिसा वय, पदवी, अनुभव, इंग्रजी यांच्या गुणांवर मिळतो, पण फक्त तिथल्या सरकारच्या दीर्घकालीन यादीतल्या व्यवसायांना, आणि जनसंपर्क व्यावसायिक, कोड २२५३११, हा अल्पकालीन यादीत आहे. त्यामुळे तुमच्यासाठी राज्याच्या नामांकनाचे १९० आणि ४९१ हे दोनच गुणांचे रस्ते राहतात, नाहीतर थेट नोकरी देणाऱ्या मालकाचा. ज्याला एवढंही माहीत नाही, किंवा माहीत असून सांगत नाही, त्याच्या हातात आपली फाइल देऊ नये.

मी आधी अकरा वर्षं एजन्सीत काढली. गेली चौदा वर्षं दादरला व्हिसाच्या कागदपत्रांचं काम करते, नोंदणीकृत वकिलांबरोबर. दोन्ही बाजू पाहिल्यामुळे सांगते, आपल्या क्षेत्रातल्या लोकांचं अडतं ते देशाच्या निवडीत क्वचितच. अडतं ते कागदावर. आपण दिवसभर काय करतो हे आपल्या एकाही कागदावर लिहिलेलं नसतं. (पुढे गोंधळ नको म्हणून कामाला ‘जनसंपर्क’ म्हणते आणि कायम वास्तव्याला ‘पीआर’.)

मुंबईच्या एजन्सीतली पदं बघा: अकाउंट एक्झिक्युटिव्ह, सीनिअर अकाउंट एक्झिक्युटिव्ह, अकाउंट मॅनेजर, ग्रुप अकाउंट मॅनेजर. आपल्याला माहीत आहे की इथे ‘अकाउंट’ म्हणजे क्लायंट. पण मेलबर्नला तुमची फाइल उघडणाऱ्याला त्यावरून हिशेबनीस दिसू शकतो, जाहिरात एजन्सीतला क्लायंट सर्व्हिसिंगचा माणूस दिसू शकतो, नाहीतर सेल्सचा. ऑस्ट्रेलियात जाहिरात तज्ज्ञ, मार्केटिंग तज्ज्ञ, जनसंपर्क व्यावसायिक, इव्हेंट आयोजक असे सगळे कोड वेगवेगळे आहेत. तुमचं काम यातल्या कशात बसतं हे व्हेटासेस ही मूल्यमापन संस्था ठरवते, आणि ती पदाचं नाव बाजूला ठेवून कामाचं वर्णन वाचते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी आली होती. सहा वर्षांचा अनुभव, एका मोठ्या औषध कंपनीचं सगळं माध्यमांचं काम तिच्याकडे. एचआरने दिलेलं पत्र दोन ओळींचं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अकाउंट एक्झिक्युटिव्ह म्हणून काम केलं, वर्तणूक चांगली. तिने घाईत तेच जोडून अर्ज केला. निकाल नकारात्मक आला. पुन्हा पत्र मागायला गेली तर एचआर म्हणाले, आमचा ठरलेला नमुना आहे, त्यापलीकडे काही देता येत नाही. दुसऱ्यांदा फी, सहा-सात महिने वाया, आणि दरम्यान ती ३३ ची झाली. ऑस्ट्रेलियात २५ ते ३२ वयाला ३० गुण असतात, ३३ लागलं की २५. एका पत्रापायी ते पाच गुण गेले.

म्हणून पत्राबद्दल जरा सविस्तर लिहिते. लेटरहेड, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन, ऑफिसचा ईमेल, तुमच्या तारखा, पद, आठवड्याचे तास, पगार आणि कामाचं वर्णन, इतकं त्यात हवंच. कॅनडाही हेच मागतं. बहुतेक पत्रं फसतात ती वर्णनात. लोक लिहितात ‘मीडिया को-ऑर्डिनेशन केलं, क्लायंट सर्व्हिसिंग सांभाळलं’. यातून परक्या माणसाला काहीही कळत नाही. त्याच जागी, समजा एखादी बँक तुमची क्लायंट असेल, तर असं लिहा: बँकेच्या तिमाही निकालांची प्रेस नोट लिहिणं, आकडे कंपनी सेक्रेटरीकडून तपासून घेणं, इंग्रजी, मराठी, हिंदी आणि गुजराती वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पत्रकारांना ती पाठवणं, अध्यक्षांच्या मुलाखती ठरवणं आणि त्यांना संभाव्य प्रश्नांची तयारी करून देणं, संकटाच्या वेळी खुलाशाचा मसुदा करणं, महिनाअखेरीला कात्रणांवरून अहवाल देणं. शेजारी अंदाजे टक्केवारी लिहा, म्हणजे लेखन इतकं, माध्यमांशी संपर्क इतका, व्यवस्थापकांना सल्ला इतका. शेवटच्या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. धोरणाचा जनमानसावर काय परिणाम होईल हे वरिष्ठांना सांगणं, हा त्या कोडच्या व्याख्येतलाच भाग आहे, आणि आपल्याकडे ते रोज फोनवर होतं म्हणून कोणी लिहीतच नाही.

दोन गोष्टी मात्र करू नका. सरकारी व्याख्येतली वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका. वाचणारे रोज तेच वाचतात, त्यांना नक्कल लगेच ओळखू येते. आणि इव्हेंट किंवा इन्फ्लुएन्सरचं काम जास्त असेल तर ते लपवून भलतंच लिहू नका. खोटी माहिती सापडली तर ऑस्ट्रेलियात तीन वर्षं आणि कॅनडात पाच वर्षं दार बंद होतं. तुमच्या हुद्द्यात ‘मॅनेजर’ आहे म्हणून जनसंपर्क व्यवस्थापकाचा वेगळा कोड, १३१११४, घ्यायचा मोहही टाळा. त्याला विभागाचं धोरण, बजेट, माणसांवरची जबाबदारी खरोखर दाखवावी लागते. ग्रुप अकाउंट मॅनेजरकडे ते सहसा क्लायंटपुरतंच असतं.

आता तुमची बंद पडलेली एजन्सी. इथे तुमचे गुण अडकलेत, म्हणून हिशेबच मांडते. व्हेटासेस पदवीनंतरचं, आठवड्याला किमान २० तासांचं, व्यवसायाशी थेट जुळणारं काम बघते, आणि त्यातलं गेल्या पाच वर्षांतलं किमान एक वर्ष हवं. पदवीचा विषय जवळचा धरला तर ‘कुशल’ होण्यासाठी पहिलं एक वर्ष वजा होतं. मग नऊतून एक गेलं, आठ उरली. परदेशातल्या आठ वर्षांच्या अनुभवाला १५ गुण. पहिल्या एजन्सीची तीन वर्षं सिद्ध झाली नाहीत तर सहातून एक गेलं, उरली पाच, आणि पाच वर्षांना १०. पाच गुणांचा फरक, आणि १९० साठी राज्याचं नामांकन मिळालं तर त्याचेही पाचच गुण असतात! पदवीचा विषय दूरचा ठरवला तर वजावट वाढते. बीएमएमच्या शेवटच्या वर्षाला जाहिरात आणि पत्रकारिता अशा दोनच शाखा होत्या, जनसंपर्क नव्हती. म्हणून तुमच्या गुणपत्रिकांबरोबर विषयांचा तपशीलवार अभ्यासक्रम आणि तो डिप्लोमा, दोन्ही जोडा. ‘बॅचलर ऑफ मास मीडिया’ एवढ्या नावावर सोडू नका.

एकूण बेरीज अशी: वय ३०, पदवी १५, अनुभव १५, इंग्रजी आयईएलटीएसमध्ये चारही भागांत ७ आले तर १०, नवऱ्याचं इंग्रजी पुरेसं असेल तर ५. झाले ७५. चारही भागांत ८ आणले तर इंग्रजीचे २० होतात आणि तुम्ही ८५ वर जाता. त्यावर १९० चे ५ किंवा ४९१ चे १५. अर्ज करायला ६५ लागतात, पण ६५ वर बोलावणं येईल असं समजू नका. राज्यं आपली गरज बघतात, आणि त्यांचा ओढा आरोग्य, शिक्षण, बांधकाम यांकडे जास्त असतो. जनसंपर्काला, त्यातही देशाबाहेरून अर्ज करणाऱ्याला, जागा कमी आणि बेभरवशाच्या. ४९१ मध्ये शक्यता जरा बरी असते, पण तो पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे. ठरलेल्या प्रादेशिक भागात राहून काम करावं लागतं, आणि तीन वर्षांनंतर १९१ या पुढच्या व्हिसामधून पीआर मिळतो. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन त्यात येत नाहीत, आणि मोठ्या एजन्सी नेमक्या तिथेच आहेत. हे आधीच घरात बोलून घ्या.

इथे मला तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य दिसतं, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत: नवरा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मेकॅनिकल इंजिनिअर, २३३५१२, दीर्घकालीन यादीत आहे. म्हणजे कन्सल्टंट ज्या १८९ बद्दल बोलत होता तो तुमच्या घरात कोणाला मिळू शकत असेल, तर त्यांना. मूल्यमापन इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया करते. नवऱ्याची पदवी कुठली, कॉलेजच्या त्या शाखेला तेव्हा एनबीएची (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) वॉशिंग्टन कराराखालची, म्हणजे परदेशातही चालणारी, मान्यता होती का, नसेल तर प्रकल्पांवरचा सविस्तर अहवाल लिहावा लागेल, हे सगळं बघावं लागेल. वयाला त्यांना २५ मिळतील, तुमच्यापेक्षा ५ कमी. पण तुमचं मूल्यमापन होकारात्मक आलं तरी १८९ मध्ये जोडीदाराचे पूर्ण १० गुण त्यांना मिळणार नाहीत, कारण त्यासाठी तुमचा व्यवसायही त्याच यादीत हवा. तुमच्या चांगल्या इंग्रजीचे ५ मिळतील. मी दोघांच्या नावाने दोन्ही बेरजा कागदावर मांडल्याशिवाय कोणालाच सल्ला देत नाही. बायकोने प्रश्न विचारला म्हणून अर्ज बायकोच्याच नावाने, असं काही नसतं. यात करिअर कोणाचं पुढे, कोणाचं मागे हा मुद्दा घरात येतो, तो मी समजू शकते. पण मुख्य अर्जदार कोण हे कागदापुरतं असतं. पीआर दोघांनाही सारखाच मिळतो, आणि तुम्ही तिथे कुठलीही नोकरी करू शकता.

कॅनडाची गोष्ट वेगळी. तिथे जाहिरात, मार्केटिंग आणि जनसंपर्क हे तिन्ही एकाच कोडमध्ये आहेत, ११२०२. त्यामुळे ‘अकाउंट’ शब्दाचा त्रास कमी होतो. पात्र व्हायला अडचण नाही. अडचण रांगेत पुढे यायची आहे. तुमचा सीआरएस (रांग ठरवणारे कॅनडाचे गुण) मी असा धरते: तुम्ही विवाहित, वय ३१, पदवी अधिक डिप्लोमा असे दोन अभ्यासक्रम, तीनहून जास्त वर्षांचा अनुभव, आणि दोघांचंही इंग्रजी सीएलबी ९ (कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवरची पातळी). बेरीज ४५० च्या आसपास येते. २०२४ मध्ये निवडीच्या सर्वसाधारण फेऱ्यांचे कटऑफ ५०० च्या वर होते. त्यानंतर भर राहिला तो तिथे आधीच काम करणाऱ्यांवर आणि ठरावीक गटांवर, आणि त्या गटांत जनसंपर्क नाही. नोकरीच्या ऑफरचे गुणही २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. २०२५ साठी पीआरचं उद्दिष्टच ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं गेलं.

तरीही कॅनडा मी तुमच्यासाठी सोडून देणार नाही, आणि त्याचं कारण आहे फ्रेंच. फ्रेंचचा स्वतंत्र गट आहे. चारही कौशल्यांत एनसीएलसी (फ्रेंचची तशीच मोजपट्टी) ७ आणलं तर तुम्ही त्यात बसता, आणि त्या फेऱ्यांचे कटऑफ २०२४ मध्ये ३३६ पर्यंत खाली आले होते. पुढेही बऱ्याचदा ४०० च्या आगेमागे राहिले. शिवाय सीआरएसमध्ये फ्रेंचचे जादा ५० गुण वेगळेच. भाषेवर पोट असलेल्या आपल्यासारख्या माणसाने फ्रेंचला घाबरू नये. माझ्याकडे येणाऱ्या इंजिनिअरांपेक्षा जनसंपर्कवाले ते लवकर उचलतात, हे मी पाहिलंय. पण फसवं स्वप्न नको: नोकरी सांभाळून, न्यू मरीन लाइन्सला आलियान्स फ्रान्सेजमध्ये किंवा घरबसल्या शिकवणी लावून, शून्यापासून तिथवर जायला दीड ते दोन वर्षं लागतात. लोकल्समध्ये ये-जा करताना पाऊण तास ऐकणं आणि रविवारी लिहिणं, असा नेम ठेवणारे पोचले. फक्त वर्गाला जाणारे अर्ध्यावर सुटले.

इंग्रजीतही सीएलबी ९ म्हणजे आयईएलटीएस जनरलमध्ये ऐकणं ८, बाकी तिन्ही ७. आपण इंग्रजी रोज लिहितो म्हणून लोक तयारी न करता जातात आणि लेखनात ६.५ घेऊन येतात. प्रेस नोटची सवय तिथे आड येते: छोटे परिच्छेद, ठाशीव वाक्यं, पण युक्तिवाद पुढे सरकत नाही. किमान दहा निबंध कोणाकडून तरी तपासून घ्या. या अर्ध्या बँडने अनुभव आणि शिक्षण इंग्रजीशी जोडून मिळणारे कॅनडाचे गुण निम्म्यावर येतात.

यूकेत गुणांची रांग नाही. तिथे नोकरी हवी, आणि ती देणाऱ्याकडे परदेशी माणूस नेमण्याचा, म्हणजे स्पॉन्सर परवाना हवा. जनसंपर्क व्यावसायिकाचा कोड २४९३ पदवी-स्तराचा आहे, त्यामुळे २२ जुलै २०२५ ला कौशल्याची पातळी वाढवली तेव्हा तो वगळला गेला नाही. पण पगाराची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड झाली, आणि ८ जानेवारी २०२६ पासून इंग्रजी बी२ पातळीचं लागतं. आरोग्य अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड, तोही आगाऊ. लंडनमध्ये तुमच्या अनुभवाला तो पगार अशक्य नाही. मालक मात्र विचारणार, की मुंबईतल्या पत्रकारांचे फोन नंबर मला काय कामाचे? याला उत्तर असलेलेच लोक गेलेत: वित्त, आरोग्य, तंत्रज्ञान यातलं खोल ज्ञान असलेले, किंवा ज्यांच्या एजन्सीचं लंडनमध्ये ऑफिस आहे आणि जे तिथल्या टीमबरोबर आधीपासून काम करतात. तुमची सध्याची एजन्सी आंतरराष्ट्रीय गटाची असेल तर बाहेर शोधण्याआधी आतच विचारा. परवानाधारक मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर मोफत आहे. ती यादी विकणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. तुमच्यापेक्षा लहान कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी यंग प्रोफेशनल्स योजना आहे, वर्षाला ३,००० जागा, सोडतीने, दोन वर्षांसाठी, बँकेत २,५३० पौंड दाखवावे लागतात. ताई, तुमचं वय त्यातून नुकतंच निसटलंय.

न्यूझीलंडला मान्यताप्राप्त मालकाची नोकरी हाती असल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जर्मनीत जाऊन नोकरी शोधण्यासाठीचं चान्सनकार्ड जून २०२४ पासून आहे, पण जर्मन न येता जर्मनीत जनसंपर्काचं काम मिळवणं फार अवघड, त्या वाटेला मी कोणाला लावत नाही. दुबईला आपले खूप लोक गेलेत आणि छान कमावतात. तिथे नागरिकत्वाकडे जाणारा रस्ता मात्र नाही, हे धरून जा.

पैशाचं आणि सल्लागाराचं बोलू. कॅनडासाठी फी घेऊन काम करणारा माणूस तिथला वकील किंवा तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशनचा परवानाधारक असावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीकृत एजंटांची यादीही सरकारकडे आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि स्वतः तपासा. ‘नक्की होईल’ हे वाक्य कोणीही प्रामाणिक माणूस म्हणू शकत नाही, कारण निर्णय त्याच्या हातात नसतो. दोघांसाठी कॅनडाला सुमारे १९,००० कॅनेडियन डॉलरची शिल्लक दाखवावी लागते, आणि ती कर्जाची चालत नाही. म्हणून १ लाख ७५ हजार आज कोणाला देण्यापेक्षा ते परीक्षा, मूल्यमापन आणि विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणांच्या अधिकृत उताऱ्यावर) खर्च होऊ देत. ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज आत्ताच करून टाका. विद्यापीठात लागणारा वेळ आपल्या हातात नसतो.

माझा क्रम तुमच्यासाठी असा असेल: या महिन्यात पत्रं, पुढच्या दोन महिन्यांत दोघांची इंग्रजीची परीक्षा, मग नवऱ्याच्या पदवीवरून ऑस्ट्रेलियाचा मुख्य अर्जदार ठरवणं, आणि त्याच्या जोडीने फ्रेंच सुरू करणं. यूकेसाठी वेगळा वेळ काढू नका, ऑफिसात विचारणा तेवढी सुरू ठेवा.

आणि आज एक फोन करा. बंद पडलेल्या एजन्सीत तुमची जी थेट वरिष्ठ होती, तिला. कंपनी नसली तरी तिची सही चालते, पण तिने स्वतः प्रतिज्ञापत्र करायला हवं: मी अमुक पदावर होते, या तीन वर्षांत हिने माझ्या हाताखाली हे काम केलं. स्टॅम्प पेपर, नोटरी, तिच्या ओळखपत्राची प्रत. त्याला तुमचे त्या वर्षांचे फॉर्म १६, पगार जमा झालेल्या बँकेच्या नोंदी, पीएफचं पासबुक आणि जुनी नेमणुकीची चिठ्ठी जोडा. जुने ईमेल त्या कंपनीच्या सर्व्हरबरोबर गेले असतील, पण तुम्ही लिहिलेल्या प्रेस नोटवरून छापून आलेल्या बातम्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर अजून असतील, त्यांच्या तारखांसह प्रती काढून ठेवा. वरिष्ठ भेटल्या की मला कळवा, आणि नवऱ्याच्या कॉलेजचं नाव आणि पदवीचं वर्षही लिहा. त्यांची बेरीज मी मांडून देते.